पुस्तकातला फितूर

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी ऐंशी पार केलीय, आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

तारीख एक नोव्हेंबर १९६१. गाव कालापंपा, बोलिव्हियाच्या उंच पठारावरचं. वेळ दुपारी बाराची.

हो, दुपारीच.

भुतं रात्री येतात हे तुम्हाला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. आमची मेलेली माणसं वर्षातून एकदा, भर दुपारी बाराला घरी येतात. दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी आम्ही टेबल मांडतो. प्रत्येकाच्या नावाचा माणसाच्या आकाराचा पाव, त्याला छोटासा रंगवलेला चेहरा. उकडलेले बटाटे. वाटेत पाणी पुरावं म्हणून कांद्याच्या पोकळ हिरव्या दांड्या. आणि पाण्याचा पेला.

पण नुसतं मांडून भागत नाही. शेजारपाजारच्यांनी घरी येऊन, मेलेल्याचं नाव मोठ्यानं घेऊन प्रार्थना म्हणायची. मग पाव त्यांना वाटायचा. परक्याच्या तोंडून नाव निघालं, तरच मेलेल्याचं पोट भरतं. घरच्यांनी कितीही रडून घेतलं तरी त्याला पोहोचत नाही.

हे लक्षात ठेवा.

माझे वडील, सातुर्निनो कायिसाया, चाकोच्या लढाईतून जिवंत परत आले होते. १९३२ साली पॅराग्वेशी सुरू झालेली ती लढाई. आमच्या आयमारा जमातीच्या पोरांना शेतातून उचलून त्या काटेरी, कोरड्या रानात नेऊन टाकलं होतं. गोळीनं मेले त्याहून जास्त तहानेनं मेले, असं बाबाच म्हणायचे.

कालापंपातून दोघं गेले होते. बाबा आणि त्यांचा जिवलग मित्र फर्मिन लारुता.

बाबा एकटेच आले. फर्मिनच्या बहिणीला, साबिनाला, त्यांनी एवढंच सांगितलं, की तो पाणी आणायला गेला आणि परतलाच नाही. साबिना दरवर्षी त्याचं टेबल मांडायची. सगळं गाव जायचं. मीही जायचे. तिच्या पावात बडीशेप जास्त असायची.

मग शहरातून एक लेखक आला.

त्याला आमच्या सैनिकांवर कादंबरी लिहायची होती. सुटाबुटातला, गोड बोलणारा. त्यानं मनात आधीच चार खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर बसवायला माणसं शोधत होता. एक शूर, एक शहाणा म्हातारा, एक हसवणारा, एक फितूर. तिघं मिळाले होते. फितूर मिळत नव्हता.

मी चूल फुंकत होते. सगळं ऐकत होते.

तो म्हणाला, "फितूर असल्याशिवाय लढाईची गोष्ट रंगत नाही हो. कुणीतरी असेलच ना?"

बाबा भिंतीकडे वळले.

मग म्हणाले, "होता एक. पाण्याचं निमित्त करून शत्रूला जाऊन मिळाला."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

पुस्तक छापून आलं. नावं जशीच्या तशी. शूर शिपाई सातुर्निनो, फितूर फर्मिन. शाळेच्या मास्तरांनी चौकात वाचून दाखवलं. बाबांना सभेत पुढची खुर्ची मिळाली. आणि साबिनाशी लोक बोलेनासे झाले. तिनं दळायला दिलेलं धान्य तसंच परत यायला लागलं.

दोन महिन्यांनी एक नोव्हेंबर उजाडला.

मी आजी-आजोबांचं टेबल मांडलं. दोन पाव, दोन पेले. बाराची घंटा झाली. बाहेर लख्ख ऊन होतं. वारा अगदी पडलेला…

पाहते तर दोन्ही पेले रिकामे.

वाटलं, मीच भरायला विसरले. पुन्हा भरले. पाव नीट लावायला वळले, परत बघितलं…

रिकामे.

खालचं कापड कोरडं ठणठणीत. मी घागरीत तांब्या घातला. तो तळाला खणकन आपटला. सकाळीच मी दोन खेपा करून ती घागर भरली होती. अंगणातली बादली बघितली. तीही कोरडी.

टेबलावरच्या कांद्याच्या दांड्या हातात घेतल्या तर चुरा झाला. तासाभरापूर्वी मी त्या ओल्या कापून आणल्या होत्या.

मग तो आवाज आला.

टक… टक… टक…

पत्र्याची रिकामी बाटली कमरेला बांधून कुणी लंगडत चालावं, तसा. आवाज दारापर्यंत आला. उंबऱ्यावर थांबला.

दारात कुणीच नव्हतं.

बाबा खुर्चीतून उठले. त्यांचे ओठ फुटून त्यांतून रक्त येत होतं. सकाळी काही नव्हतं. ते रिकाम्या दाराकडे बघत म्हणाले, "फर्मिन, ते मी प्यायलो."

मग बाबांच्या तोंडूनच मला सगळं कळलं. लढाईत, त्या रानात, फर्मिन परत आला होता. तिसऱ्या दिवशी, फुटलेला पाय ओढत, दोन बाटल्या भरून घेऊन. पाय बांधेपर्यंत धर, म्हणून त्यानं त्या बाबांच्या हातात दिल्या. बाबा दोन्ही प्यायले आणि चालते झाले. पाठीमागून तो हाका मारत होता. शिवी नाही, शाप नाही. नुसतं नाव घेत होता.

मी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता साबिनाला सांगा."

"आता कुठल्या तोंडानं सांगू? पुस्तक छापलंय पोरी. तू बोलायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ."

मी शपथ घेतली. बाबांच्या मानाचं मीही खात होते ना.

पाणी आणायला निघाले. वाटेत साबिनाचं घर. दार सताड उघडं. ती टेबलाजवळ बसली होती. पाव तसेच रचलेले, एकही उचललेला नाही. दुपार कलली होती आणि तिच्याकडे एक माणूस फिरकला नव्हता.

ती म्हणाली, "हिलारिया, तू तरी त्याचं नाव घे गं. उपाशी जाईल माझा भाऊ."

आणि मी काय म्हणाले माहितीये?

"बाबांना बरं नाही, मावशी. घाईत आहे."

दहा वर्षांनी साबिना गेली. तिला कधीच काही कळलं नाही. मी सांगितलं नाही.

बाबा गेल्यापासून मी फर्मिनचा पाव करते. गुपचूप, दार लावून. पेला भरते. त्या दिवशी घागर कोरडी करून गेलेला माणूस, त्यानंतर आमच्या घरी थेंबभर पाणी प्यायला नाही. बाबांच्या पेल्यातलं पाणी दरवर्षी बोटभर कमी होतं. फर्मिनचा पेला काठोकाठ तसाच.

तहानेनं मेलेला माणूस आमच्या हातचं पाणी घेत नाही.

गेल्या वर्षी मी चौकात उभी राहून सगळं सांगितलं. बाबांचं, माझं, सगळं. लोकांनी ऐकून घेतलं. शाळेतली नवी मास्तरीण समजूत घातल्यासारखी म्हणाली, "पण आजी, पुस्तकात तर वेगळंच आहे."

कुणीही नाव घेतलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही परके आहात, तुमच्या तोंडून चालेल. फर्मिन लारुता. मोठ्यानं म्हणा. एकदाच.

आज एक नोव्हेंबर आहे. बारा वाजायला थोडा वेळ आहे. पेला भरून ठेवलाय आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलेय.

घंटा झाली की वळून बघायचं आहे.