डाव्या कानातली गुणगुण

ही गोष्ट खरी आहे. खोटं वाटलं तर वाटू दे, मी कुणाची समजूत घालत बसणार नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझ्या ताईचे यजमान आहेत, आणि भाऊजी खोटं बोलल्याचं मी पंचवीस वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही.

रात्र नव्हती. निर्जन जागाही नव्हती.

रविवार होता. दुपारचे पावणेचार. तिसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली, बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं.

भाऊजी छापखान्यात कटिंग मशीनवर काम करायचे. दिवसभर कागदाचे गठ्ठे कापायचे. माणूस तसा अबोल, पण रॉक म्हटलं की अंगात यायचं. पन्नाशी उलटली तरी कानात गिटारचा धिंगाणा सुरूच. छापखान्यात सगळे त्यांना 'डेसिबल' म्हणायचे.

आणि या डेसिबलला ऐकू यायचं एकाच कानाने.

आठ वर्षांचे असताना कसलासा ताप आला आणि डावा कान गेला तो गेलाच. नसच मेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्यामुळे त्यांचा हेडफोनही फुटपाथवरचा, सगळ्यात स्वस्तातला. त्याची डावी बाजू तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेली.

"तीही बंद, मीही बंद. छान जमतं आमचं," असं म्हणून हसायचे.

लेकीला ते बघवेना. नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिने कान पूर्ण झाकणारा, मऊ गाद्यांचा, चांगल्यातला हेडफोन आणला.

"बाबा, उरलेल्या कानाचे तरी लाड करा."

तर त्या रविवारी भाऊजींनी तो पहिल्यांदा डोक्यावर चढवला. ताई बाहेर गेली होती. लेक आतल्या खोलीत पडली होती.

पहिलं गाणं लावलं आणि ते थक्कच झाले. तीस वर्षं ऐकलेलं गाणं, पण तारेवर घासणारं बोट त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आलं. गाणाऱ्याने ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. ड्रमचा ठोका तर थेट बरगड्यांत.

दुसरं गाणं सुरू झालं. त्यात मध्ये एक शांत जागा येते. सगळी वाद्यं थांबतात.

आणि तेवढ्यात...

डाव्या कानात कुणीतरी गुणगुणलं.

अगदी हळू. तोंड मिटून. सूर तोच, पण एक ठोका मागे.

भाऊजींना भीती वाटली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी डाव्या कानाला काहीतरी ऐकू आलं होतं! त्यांनी लेकीला हाका मारून उठवलं.

"मला डावीकडून ऐकू येतंय गं! कुणीतरी गुणगुणतंय बघ मागे."

लेकीने हेडफोन लावला. गाणं पूर्ण ऐकलं. मग पुन्हा एकदा ऐकलं.

"बाबा, यात कुणीच गुणगुणत नाहीये."

भाऊजींनी हेडफोन उलटा करून घातला. डावी बाजू उजव्या कानावर, उजवी डाव्यावर.

गुणगुण डाव्या कानातच राहिली.

दोन दिवसांनी लेक त्यांना कान तपासायला घेऊन गेली. काचेची छोटी खोली, कानावर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणाऱ्या बाईंनी कागद पुढे केला.

"डावा कान शून्य आहे. काहीच पोचत नाहीये. आणि काका, उजवाही थोडा उतरलाय. गाणी जरा हळू लावत जा."

"पण मला डावीकडून ऐकू येतं."

"आत्ता आत बसला होतात तेव्हा येत होतं?"

भाऊजींनी कागदाची घडी करून खिशात घातली. त्या बंद खोलीत पूर्ण वेळ त्यांचं आवडतं गाणं चालू होतं.

मिटल्या तोंडाने.

पंधरा दिवसांत ती गुणगुण गाण्याच्या बरोबरीने यायला लागली. मग एके दिवशी लेकीने त्यांना एक अगदी नवं गाणं पाठवलं. भाऊजींनी ते आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं...

डाव्या कानातल्याने चाल आधी म्हटली. गाणं नंतर सुरू झालं.

भाऊजींनी हेडफोन काढला, खोक्यात घातला आणि खोकं माळ्यावर टाकलं.

काही उपयोग झाला नाही.

आता हेडफोनची गरजच उरली नव्हती.

आणि उजवा कान भराभर उतरत चालला. आधी दाराची घंटा गेली. ताई बाहेर उभी राहून बोट दुखेपर्यंत बटण दाबत होती. भाऊजी आत पेपर वाचत होते. ताई चिडून किल्लीने दार उघडून आत आली, आणि मग...

भाऊजींच्या डाव्या कानात घंटा वाजली.

पण ती खरी घंटा नव्हती. कुणीतरी तोंडाने तिची नक्कल करत होतं. टिंग... टाँग...

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जो आवाज उजव्या कानाला ऐकू येईनासा होत होता, तो डाव्या कानातला उचलत होता. आणि स्वतःच्या तोंडाने काढून दाखवत होता. नळाचं पाणी. कुकरची शिट्टी. कटिंग मशीनचं पातं.

पात्याची नक्कल अर्धा क्षण उशिरा यायची. एकदा भाऊजींचं बोट थोडक्यात वाचलं. मालकांनी त्यांना मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवलं. पुढच्या महिन्यात घरीच बसवलं.

डॉक्टर तीन झाले. कानाचं यंत्र झालं. मेंदूचा फोटो झाला, तो स्वच्छ आला. मानसिक ताण असेल म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, आवाज जायचा नाही.

एका संध्याकाळी त्यांनी हट्टाने माळ्यावरून खोकं काढलं. हेडफोन घातला. आवाज पूर्ण चढवला. लेकीला समोर बसून गिटार बाहेरपर्यंत ऐकू येत होती. भाऊजींच्या उजव्या कानात काहीच नव्हतं. डाव्यात कुणीतरी गिटार तोंडाने काढत होतं, ड्रम तोंडाने काढत होतं, आणि मध्येच हसत होतं.

"बाबा, बंद करू का?" लेकीने विचारलं असावं. तिचे ओठ हलले.

मग डाव्या कानात...

तिचा आवाज आला.

पण तो तिचा नव्हता. तिची नक्कल होती. आणि जे शब्द आले ते तिच्या ओठांशी जुळत नव्हते.

भाऊजी ताडकन उठून दुसऱ्या खोलीत गेले. लेकीच्या आवाजात काय ऐकू आलं, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून ते तिच्या नजरेला नजर देत नाहीत. ती पोरगी स्वतःला दोष देऊन अर्धी झाली आहे. तोंडाने बोलायला गेली की ते दार लावून घेतात.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. भाऊजी खिडकीपाशी बसले होते. वाळले आहेत. मी समोर बसलो आणि सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं,

"भाऊजी, बरं आहे का आता?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग मान किंचित डावीकडे कलली. कुणी कानाशी लागलं की कलते तशी.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू पण?" ते म्हणाले. "तुझ्याकडून नव्हतं वाटलं रे मला असं."

मी फक्त बरं आहे का, एवढंच विचारलं होतं. ताई साक्षीला होती. मी घाईघाईने वही ओढली, तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. लिहिलेल्याची तरी नक्कल कशी करणार?

ते वाचू लागले. बोट अक्षरांवरून सरकत होतं. पहिला शब्द... दुसरा...

आणि मान पुन्हा डावीकडे कलली.