गोठू नये एवढीच ऊब

त्या दुपारी मी ताईकडे निघालो तो कोळशाच्या विटा पोचवायला. मनात दुसरं काही नव्हतं. गाडीमागे ट्रॉली, ट्रॉलीत विटांची पोती आणि शेजारच्या सीटवर बटाट्याच्या सूपचा डबा, कारण दाजी गेल्यापासून ताई धड जेवत नव्हती. डिसेंबर नुकताच लागला होता. आमच्या या डोंगरी गावात तेव्हा चार वाजताच दिवे लावावे लागतात.

एकच गोष्ट खटकत होती. थंडी सुरू होण्याआधीच मी तिला हिवाळाभर पुरेल एवढा कोळसा आणून दिला होता. तो संपलाच कसा?

गाडी परसात वळवली आणि उत्तर मिळालं. घराच्या सगळ्या खिडक्या अंधारात, आणि दाजींच्या काचघराच्या काचा मात्र वाफेनं पांढऱ्याफटक. त्याचं धुराडं भकाभका धूर ओकत होतं.

माझे दाजी, वेंडेलिन, कीटक खाणारी झाडं पाळायचे. पोटापाण्यासाठी पोस्टातली नोकरी, बाकी सगळा जीव त्या कुंड्यांत. सुरईसारख्या उंच पानांत माशा बुडवणारी झाडं, दात मिटून किडे धरणारे चिमुकले सापळे. गावकरी टिंगल करायचे, "वेंडेलिन, सासूबाईंना आत नेऊ नकोस हं." दाजी हसायचे. हिवाळ्यात मात्र त्यांचा नेम कडक असायचा. शेगडी पेटायची ती गोठू नये एवढ्याच उबेपुरती. ही झाडं थंडीत तपकिरी पडतात, मेल्यासारखी दिसतात, पण झोपलेली असतात. "ओत्मार, यांना गोठू द्यायचं नाही आणि जागंही ठेवायचं नाही," ते मला सांगायचे. "झोप मोडली तर त्यांचे हाल होतात."

मी दार ढकललं आणि चष्म्यावर वाफ धरली. आत भर उन्हाळा होता. ओल्या मातीचा आणि शिळ्या मधासारखा काहीसा वास नाकात बसला. चष्मा पुसून पाहिलं तर एकूण एक झाड हिरवंगार, सापळे सताड उघडे. त्यांच्यामध्ये माझी थोरली बहीण आपोलेना हातात चिमटा घेऊन उभी होती आणि खिम्याचे कण एकेका सापळ्याला भरवत होती.

"ये ओत्या. आधी दार लाव, गारठा येतो."

"हे काय चालवलंयस, ताई? दाजी असते तर जोड्यानं मारलं असतं आपल्याला."

"मारू दे. त्याला पुरून आले आणि त्याच आठवड्यात ही काळवंडायला लागली. आणखी काही मेलेलं बघायची माझ्यात ताकद नाही."

"मरत नाहीत गं ती. झोपतात."

"त्याला पेटीत बघूनही सगळे तेच म्हणत होते," ताई म्हणाली. "बघ, कसा झोपल्यासारखा दिसतोय."

तिचे गाल बसले होते, बोटांची नुसती हाडं राहिली होती. डॉक्टरांनी हृदयाला जपा म्हणून बजावलं होतं आणि ही बाई रात्रंदिवस फावड्यानं शेगडीत विटा लोटत होती. असंच चाललं तर हिला नाताळ दिसणार नाही.

"आणि हा खिमा कशाला?"

"हिवाळ्यात माशा कुठून आणू? जागं राहिलं की भूक लागतेच." ती थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यालाही लागते."

"कोणाला?"

तिनं चिमट्यानं कोपरा दाखवला. तिथं दाजींची वेताची खुर्ची होती. खुर्चीसमोर स्टुलावर एक वाडगा, आतून चाटूनपुसून लख्ख केलेला.

"तो झोपत नाहीये रे... पाठ टेकवत नाही म्हणतो. डोळाच लागत नाही म्हणतो..."

मी तिला रागावणार होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात त्या खुर्चीतून खाकरण्याचा आवाज आला. दबका, दोनदा. बोलायच्या आधी दाजी खाकरायचे तसाच. खुर्ची रिकामी होती. तिचा वेत हळूच करकरला.

"ऐकलंस ना?"

"शेगडी... शेगडी तडतडली असेल."

जन्मभर बर्फाच्या घाटात बस चालवलेला माणूस मी, पण तिथून असा सुटलो की ट्रॉलीतला कोळसा उतरवायचंही भान राहिलं नाही.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी मी दफनभूमीत गेलो, म्हटलं दाजींच्या नावानं एक दिवा लावू, चित्त थाऱ्यावर येईल. सगळी थडगी पांढऱ्या दुलईखाली गडप झाली होती. दाजींचं एकटं उघडं होतं. माती काळी, ओली, आणि वाळक्या पुष्पचक्रातून वाफ निघत होती. मी हातमोजा काढून तळवा टेकवला. कोंबडीच्या पोटाखाली हात घालावा तशी ती माती गरम होती.

तिथून मी तडक ताईकडे गेलो आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे त्याला..."

"तुझ्या या शेगडीमुळे. झोपू दे गं त्यांना. आणि तूही झोप. मला तू हवी आहेस, ताई. मला दुसरं कोण आहे?"

ती लहान मुलीसारखी रडली. मग ॲप्रननं तोंड पुसून उठली आणि शेगडीची झडप स्वतःच्या हातानं बंद केली.

"झोप, वेंडा," ती म्हणाली. "मी नाही आता जागवत."

कुंड्या गोठू नयेत म्हणून एक छोटा रॉकेलचा दिवा बारीक करून ठेवला आणि आम्ही दोघं ओव्हरकोट घालून बसलो. शेगडी निवेपर्यंत बाहेर संधिप्रकाश झाला. काचांवरची वाफ विरली, गारठा पायांतून वर चढला. मग खुर्ची करकरली. कोणीतरी उठलं. माझ्या गुडघ्याला काहीतरी ओझरतं घासून गेलं आणि खुर्चीपासून दारापर्यंत, वाटेच्या कडेचे सापळे एकामागून एक मिटत गेले. दार बंदच होतं.

ताईनं माझा हात घट्ट धरला होता. "गेला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती अंथरुणात झोपायला लागली. जेवायला लागली, मला नावं ठेवायला लागली. झाडं तपकिरी पडली आणि तिनं ती बघितली, रडली नाही. जिंकलो असंच मला वाटत होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी आमचं अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातं. ताईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिनं मला पाठवलं. दाजींवर वीतभर शुभ्र बर्फ होता. मला एवढं हायसं वाटलं की मी मोठ्यानं म्हणालो, "झोपा निवांत."

आमच्याकडे नवराबायकोची जागा शेजारीशेजारी, एकदमच घेऊन ठेवतात. दगड एकच, नावं दोघांची. ताईच्या नावाखाली जन्माचं साल आहे आणि पुढची जागा कोरी आहे. त्या नावाखालचा बर्फ वितळला होता. माणूस उताणा निजेल तेवढीच लांबीरुंदी, आणि तिथल्या काळ्या मातीतून वाफ निघत होती. मी गुडघे टेकून ओंजळी भरभरून बर्फ टाकला. टाकला तसा तो विरघळत गेला. शेजारच्या थडग्यांपाशी लोक कुजबुजायला लागले, तेव्हा उठलो.

घरी ताई गोड पावाचे काप करत होती.

"धरला का रे त्याच्यावर बर्फ?"

"धरला. चांगला जाड."

तिनं माझ्या पँटच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मग हा चिखल कुठला?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही. "तुझ्या बाजूचा," मी म्हणालो.

ती किंचाळेल, खाली बसेल, असं वाटलं होतं. पण ताई चक्क लाजली.

"लग्न झाल्यापासूनची सवय आहे त्याची. थंडीत तो आधी माझ्या बाजूला जाऊन पडायचा. अंथरूण गरम झालं की आपल्या बाजूला सरकायचा आणि मला हाक मारायचा."

तिनं सुरी ॲप्रनला पुसून खाली ठेवली, दाराकडे एकदा पाहिलं आणि हलकेच विचारलं, "कितपत ऊब धरलीय रे?"