तिसरी हाक

दोन हजार नऊ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. दिवेलागणीला डोंगरातल्या सूर्यमाळ गावच्या झऱ्यावर योगिता हंडा भरत होती आणि धुकं तिच्या पायांशी घोटाळत होतं. मागून कुणीतरी हाक मारली, "ओ बाई!"

तिने मान वळवली नाही. दुसरी हाक आली, तरी नाही. तिसरीला मात्र वळली. आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला नवीनच आलेले कमलेश सर होते. खांद्यावर दुर्बीण, आणि वाट चुकलेली.

"कमी ऐकू येतं का तुम्हाला?"

"तुमी जव्हारचे सर... तुमाला काय ठाव? कातरवेळी डोंगर हाका मारतो. दोनच मारतो. तिसरी आली तर माणूस समजायचं."

"आणि दुसरीलाच ओ दिली तर?"

"मंग जावं लागतं त्याच्यासंगं."

तो हसला. ती हसली नाही — निदान त्याच्यासमोर तरी नाही.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर दुर्बीण मांडू लागला, आणि बालवाडीत शिकवणाऱ्या योगिताबाईंना नेमकं तेव्हाच तिथून पाणी न्यायचं असायचं. पाड्याला काय कळायचं ते कळलं. एकदा त्याने श्वेत बटू ताऱ्याची गोष्ट सांगितली. विझत चाललेला, मेल्यात जमा तारा. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत राहतो, आणि अति झालं की त्याच्या पोटातला कार्बन पेटतो. मग त्याचा मागमूसही उरत नाही.

"मेलेला परत मरतो?" तिने विचारलं.

"काही त्याहून विचित्र असतात. पेटतात, पण अर्धवटच. तारा बहुधा मागे उरतो म्हणतात... फाटका, तरी तळपत. तेव्हा शेजारून जाताना जपून, बाई."

"ओढायचं तुमी, अन् जपायचं मी?"

पुढच्याच आठवड्यात तो नाशिकला निघाला आणि घाटात जीप दरीत गेली. कुणी वाचलं नाही, अशी बातमी पाड्यावर आली. चारचौघांत रडावं, असं त्यांचं नातं तरी कुठे ठरलं होतं? ती झऱ्यावर जात राहिली. हंडा भरला तरी तिथून उठत नसे.

अशाच एका संध्याकाळी धुक्यातून हाक आली. "योगिता..."

आवाज त्याचाच होता, पण खोल, दरीतून आल्यासारखा. नावाने त्याने तिला कधीच हाक मारली नव्हती.

"योगिता..."

मग काहीच नाही. ती कान देऊन बसली. पाखरंसुद्धा गप्प झाली होती. तिसरी हाक काही येईना. डोंगरच आहे हा, तिला कळून चुकलं. तरी ती उठली, आणि तिने ओ दिली.

समोर काटक्या मोडल्या. कमलेश धुक्यातून बाहेर आला. डोक्याला पट्टी, एक हात गळ्यात बांधलेला, चढाने धाप लागलेली.

"तिसरीला दम पुरला नाही," तो म्हणाला. "इस्पितळात किती दिवस शुद्धच नव्हती... पण तू ओ दिलीस? दोनच झाल्या होत्या."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "डोंगर असता तरी गेले असते. तुमच्याबिगर करमत नाय मना."

तो हळूच म्हणाला, "थोडाच उरलोय, योगिता... चालेल?"

तिने त्याचा धड हात हातात घेतला. आधी तो गरम आहे का ते पाहिलं, आणि मगच म्हणाली, "चालंल."