ट्रॅक्टरखालचं हिरवं गवत

"सोप्पं आहे! हे मेलेलं इंजिन काढायचं आणि कमलेशच्या काकाच्या बुलेटचं इंजिन बसवायचं!" सम्यकने एका दमात निकाल लावून टाकला.

"काकाला विचारलंस?" दिशा म्हणाली.

"आधी बसवू, मग विचारू ना!"

"मग काका तुलाच या बॉनेटमध्ये कोंबेल, भाई!" कमलेश खो खो हसला.

मे महिन्याची सुट्टी लागली होती आणि सोसायटीच्या मैदानात, भिंतीला लागून उभ्या असलेल्या छोट्या लाल ट्रॅक्टरवर चौघांची सभा भरली होती. मानपाड्याच्या या जागेवर इमारती उठण्याआधी कमलेश-दिशाच्या आजोबांची, म्हणजे भिवाआजोबांची, भेंडी-वांग्यांची वाडी होती. हा ट्रॅक्टर त्याच वाडीत राबायचा. वाडी गेली, बिल्डिंगी आल्या, तरी आजोबांनी त्याला सोडलं नाही. मैदानातलं गवत कापायला, माती दाबायला ते त्याला फिरवत. आणि तीन वर्षांपूर्वी एके दिवशी तो इथे आला आणि इथेच बंद पडला.

तेव्हापासून त्याचं काय करायचं, यावर मोठ्यांचं घोडं अडलेलं होतं. सोसायटीचे अध्यक्ष देवरामकाका म्हणत, "भंगारात द्या." भिवाआजोबा म्हणत, "हात तर लावून बघा!" भांडण इतकं वाढलं की दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. रविवारच्या सभेत मतदान होऊन याचा सोक्षमोक्ष लागणार होता.

"मला याची पाण्याची गाडी करायची आहे," पायल म्हणाली. "चाकं आहेत, स्टिअरिंग आहे, ब्रेक आहे. पाण्याचे कॅन ठेवायचे आणि ढकलायचं. इंजिन हवंय कशाला?"

पायल हे गमतीत बोलत नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पायल आणि तिचा धाकटा भाऊ सम्यक चढावरच्या सी बिल्डिंगमध्ये राहत. खालच्या ए आणि बी बिल्डिंगला पाणी धो धो यायचं. सीच्या नळाला करंगळीएवढी धार, तीही मनात आलं तर. आई-बाबा कामावर आणि शालनआजीचे गुडघे दुखरे. त्यामुळे रोज संध्याकाळी पाणी सुटलं की गेटजवळच्या नळावर कॅन भरून चढावरून वर न्यायचं काम या दोघांचं. आणि सुट्टीत कबड्डीचा सराव नेमका त्याच वेळेला असायचा. पायल शाळेच्या संघातली पक्की चढाईपटू, पण सुट्टी लागल्यापासून ती एकदाही सरावाला गेली नव्हती. "सोमवारपासून जी येणार नाही, तिच्या जागी दुसरी," असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"ताई, बेडूक!" सम्यक अचानक ओरडला. तो केव्हाच खाली उतरून ट्रॅक्टरखाली घुसला होता.

"मे महिन्यात बेडूक? काय पण फेकतोस!"

"शप्पथ! ये, बघ!"

चौघंही जमिनीवर आडवे झाले. सगळं मैदान वाळून पिवळं पडलेलं, आणि ट्रॅक्टरखाली, मागच्या चाकाच्या भोवती, चांगलं हिरवंगार गवत! त्यात खरोखरच एक बेडूक बसला होता. पायलने हात घातला तर बोटांना गार चिखल लागला. तिने बोटं नाकाशी नेली आणि ताडकन उठून बसली.

"ब्लीचिंग पावडरचा वास! हे नळाचं पाणी आहे!"

"कशावरून?" दिशाने विचारलं.

"रोज वाहून नेते मी हे पाणी. मला नाही कळणार?"

चौघंही धावत भिवाआजोबांकडे गेले. आजोबा ओट्यावर बसून जाळं विणत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "येरी जालीस का गो पोरी? तिथं पयले माझी पान्याची तली व्हती. झरा हाय त्यो. मना नको शिकवू!"

पायलचा चेहरा पडला, पण फार वेळ नाही. परत येता येता तिचं विचारचक्र सुरू झालं होतं.

"झरा असेल तर तो दिवसभर पाझरेल," ती म्हणाली. "नळाचं पाणी मात्र फक्त संध्याकाळी येतं. बरोबर?"

"म्हणजे... खड्डा खणायचा!" कमलेशची ट्यूब पेटली आणि तो घरून खुरपं घेऊन आला.

चाकाशेजारी त्यांनी एक वीतभर खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, खड्ड्यात पाणी नाही. दुपारी पाहिलं, नाही. "आजोबांचा झरा झोपलाय वाटतं!" दिशा म्हणाली. संध्याकाळी कमलेश गेटच्या नळापाशी जाऊन उभा राहिला. नळ खोकला, फसफसला आणि धार सुरू झाली. कमलेशने जोरात शिट्टी मारली. इकडे सम्यक स्टीलचा पेला जमिनीवर उपडा ठेवून त्याला कान लावून बसला होता.

"खळखळतंय! ताई, आत खळखळतंय!"

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खड्डा पाण्याने भरला.

रात्री जेवताना पायलने आजीला विचारलं, "आजी, आपलं पाणी कधीपासून गेलं गं?"

"मला चांगलं आठवतंय," शालनआजी म्हणाली. "सव्वीस जानेवारीचा आदला दिवस. झेंडावंदनाला नेसायची म्हणून पांढरी साडी साबणात भिजवली आणि नळच गेला! खळबळायला पाणी नाही. तशीच वाळवली, तशीच नेसले. झेंड्यापुढे उभी राहिले, तर सगळ्या अंगाला नुसती खाज!"

सम्यक हसून हसून लोळायला लागला. पायल मात्र हसली नाही. कारण ट्रॅक्टर बंद पडला तो दिवसही तिला आठवला. झेंडावंदनासाठी देवरामकाकांनी ट्रकभर माती आणून घाईघाईने मैदान सपाट करून घेतलं होतं. ती माती दाबायला आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले होते. एकाच दिवशी ट्रॅक्टर गेला आणि पाणीही गेलं!

सकाळीच तिने तिघांना घेऊन देवरामकाकांचं दार गाठलं. काका ठाण्याच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. घरातसुद्धा ते सभेत बोलल्यासारखं बोलत.

"जय भीम, काका!"

"जय भीम. बोला, काय विषय आहे?"

पायलने सगळं सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला. "हे पाहा, मुलांनो. तुम्हीच बादल्या ओतून खेळता आणि पाणी कुठून आलं म्हणून मलाच विचारता! सी बिल्डिंगचा व्हॉल्व्ह शोधण्यासाठी प्लंबरने सारं मैदान पालथं घातलं होतं."

"ट्रॅक्टरखाली पाहिलं होतं?"

काकांनी चष्मा घाईने डोळ्यांवर चढवला. मग त्यांचा आवाज चढला. "ट्रॅक्टरला कोणीही हात लावायचा नाही! सभेपर्यंत तो जागचा हलता कामा नये. नाहीतर भिवा म्हणेल, मीच तो भंगारात दिला. आणि हलणार तरी कसा? चाकं गंजून गच्च झाली आहेत त्याची. वीतभरसुद्धा सरकायचा नाही तो!"

आजोबांकडे गेले, तर तिथेही तीच कथा. "कुनी हात लावाचा नाय! जरा हलला की त्यो अध्यक्ष भंगारवाल्याला बोलवील. सोताच्या हातानं त्याच्यानं हलवाचा नाय म्हना. त्याच्यात कुटला दम? निस्तं तोंड चालतंय त्याचं!"

तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, तेही नको त्या गोष्टीवर!

"खल्लास!" कमलेश पायरीवर बसकण मारत म्हणाला. "आता काय करणार?"

संघातली जागा पायलच्या हातातून निसटत होती. आता माघार घ्यायची तर जन्मभर कॅनच उचलायचे!

"आपण ट्रॅक्टरला हात लावायचा नाही," ती सावकाश म्हणाली. "त्यांनाच लावायला लावायचा. एक शब्दही खोटा बोलायचा नाही. जो जे म्हणाला, ते दुसऱ्याला जाऊन सांगायचं. बस्स!"

दिशाचे डोळे चमकले. "मैं समझ गयी!"

शनिवारी संध्याकाळी, पाणी सुटायच्या जरा आधी, कमलेश आजोबांपुढे जाऊन उभा राहिला. "आजोबा, देवरामकाका म्हणतात, तुमच्या ट्रॅक्टरची चाकं गंजून गच्च झालीत. वीतभरसुद्धा सरकायचा नाही."

जाळं बाजूला पडलं. "माझ्या गारीची चाकं? ग्रीस आन रं! दोरी आन!"

त्याच वेळी पायल अध्यक्षांच्या दारात होती. "काका, आजोबा म्हणतात, तुमच्यात ट्रॅक्टर हलवण्याइतका दम नाही. नुसतं तोंड चालतं."

देवरामकाकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि बाह्या दुमडत ते जिना उतरले.

मैदानात आजोबा सीटवर चढून बसले होते. चाकांना ग्रीस लागलं होतं, गिअर न्यूट्रलला होता, पुढे बांधलेल्या दोरीला कमलेश, दिशा आणि सम्यक लटकले होते. ट्रॅक्टर काही हलत नव्हता.

"हा बेकायदेशीर प्रकार आहे!" देवरामकाका लांबूनच कडाडले.

"मंग वीतभर बी हलाचा नाय, ह्ये कोन बोलला?"

"आणि माझ्यात दम नाही, हे कोण बोललं? व्हा बाजूला!" काकांनी ट्रॅक्टरच्या मागे जाऊन खांदा लावला. पायलही दोरीला भिडली.

"जोर लगा के..."

"हैशा!"

"जोर लगा के..."

"हैशा!"

चाक कुरकुरलं, उचकलं आणि ट्रॅक्टर धाडकन पुढे आला. मुलं एकमेकांच्या अंगावर कोसळली. मागे जिथे चाक रुतलेलं होतं, तिथे फुटलेलं सिमेंटचं झाकण दिसत होतं. गेटकडून नळाचा फसफस आवाज आला. लगेच त्या झाकणाच्या भगदाडातून पाणी उसळलं आणि भिंतीच्या कडेकडेने पलीकडच्या नाल्यात पळू लागलं.

"सी बिल्डिंगच्या व्हॉल्व्हचं चेंबर!" देवरामकाकांच्या तोंडून कसंबसं निघालं.

मग पायलने आजीच्या साडीपासून सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या घाईने झाकण मातीखाली गेलं," काका हळूच म्हणाले. "मातीआधी खुणेचा दगड लावायला हवा होता. मी लावला नाही."

आजोबा सीटवरून उतरले. त्यांनी हात बॉनेटवर ठेवला. "आनि झाकन-व्हॉल्व्ह फोडून चाक आत गेला तवा मना वाटला मऊ मातीत रुतला. मी रेसवर रेस देत रायलो, इंजिन जाम होईपरयंत. माझ्या गारीला मीच मारला रं!"

"आणि मग तीन वर्षं तुम्ही भांडत बसलात, ट्रॅक्टरचं काय करायचं म्हणून!" पायल पुढे होत म्हणाली. "त्याच्याखाली एकदा वाकून कुणी पाहिलं नाही. आमची आख्खी बिल्डिंग पाणी वाहत राहिली!"

देवरामकाकांनी मान खाली घातली. मग तीन वर्षांनी ते पहिल्यांदा आजोबांशी थेट बोलले. "भिवा, पोरगी खरं बोलते आहे."

"व्हय अध्यक्ष, एकदम खरा!"

रविवारी सकाळीच प्लंबरने नवा व्हॉल्व्ह बसवला. संध्याकाळी पायलच्या घरचा नळ खोकला, फसफसला आणि मनगटाएवढी धार सुरू झाली. शालनआजीने धारेखाली हात धरला आणि कितीतरी वेळ तो तसाच ठेवला. "आता पुढच्या झेंडावंदनाला खाज नाही हो!" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

सभेला सगळी सोसायटी लोटली. देवरामकाकांनी चौघांना पुढे बोलावलं. "आम्ही मोठ्यांनी तीन वर्षं जे केलं नाही, ते या मुलांनी एका आठवड्यात केलं. मला यांचा अभिमान वाटतो, आणि स्वतःची लाज वाटते. आता ट्रॅक्टरचं काय करायचं ते हीच मुलं ठरवतील. काय भिवा?"

"हीच पोरं ठरवतील!" आजोबा म्हणाले.

"बुलेटचं इंजिन!" सम्यक ओरडला आणि हास्याचा धबधबा कोसळला.

हसू ओसरल्यावर पायल पुढे झाली. "त्याची पाण्याची गाडी करायची."

"अगं, पण आता सीला पाणी आलं ना?" कुणीतरी विचारलं.

"आम्हाला आलं. मीराबाईंना नाही आलं." सगळ्यांच्या माना वळल्या. रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या वस्तीतल्या मीराबाई रोज गेटच्या त्याच नळावर पायलच्या पुढे-मागे उभ्या असायच्या. वस्तीत पाइपच नव्हता. "कॅन किती जड असतो ते मला माहीत आहे," पायल म्हणाली. "म्हणून गाडी करायचीच."

यावर मतदान घ्यायची वेळच आली नाही, कारण टाळ्याच थांबेनात.

सोमवारी भिवाआजोबांनी स्वतःच्या हाताने इंजिन उतरवलं, फडक्याने स्वच्छ पुसलं आणि घरी ओट्यावर नेऊन ठेवलं. त्या रिकाम्या जागी कमलेशने आणि सम्यकने फळ्या ठोकल्या. संध्याकाळी नळ सुटल्यावर मीराबाईंचे कॅन फळ्यांवर चढले. पायल ढकलायला पुढे सरसावली, तेवढ्यात तिच्या खांद्यावर हात पडला.

"तुझं इथे काय काम?" देवरामकाका बाह्या दुमडत म्हणाले. "सर वाट पाहत असतील. पळ!"

"आनि कबड्डी जिंकून ये गो!" पलीकडून भिवाआजोबांनी खांदा लावला.

मीराबाई स्टिअरिंगवर बसल्या होत्या आणि हसू दाबत होत्या. पायलने बूट घट्ट बांधले. "जोर लगा के..." मागून दोन म्हाताऱ्या आवाजांनी सूर लावला. "हैशा!" पायल ओरडली आणि शाळेच्या मैदानाकडे धूम पळत सुटली.