छेद दादांचा, अंश ताईंचा

शनिवारी बाटली वर्गात विसरली म्हणून मी त्या बुधवारी परत आले, आणि दारातच थबकले. माझ्या विद्यार्थिनीच्या, भिंगरीच्या, इवल्याशा बाकावर, तिच्या शेजारी गुडघे हनुवटीला टेकवून, एक उंच मुलगा बसला होता. तो चक्क तिच्या वहीतली माझी गणितं खोडत होता.

"अहो, ते मी शिकवलंय!"

त्याने मान वर केली. डोळे हसरे... घोटाळा झाला तो तिथेच.

"अच्छा, म्हणजे शनिवारच्या ताई तुम्ही! ऐकलंय तुमच्याबद्दल."

"काय ऐकलंय?"

"चिडल्या की नाक लाल होतं."

मी पटकन नाक झाकलं, आणि स्वतःवरच चिडले.

आमची शिकवणी आम्ही कॉलेजच्या मुलांनीच चालवलेली. एका मुलामागे दोघं, दोन वेगळ्या दिवशी. त्यामुळे मी भिंगरीच्या 'दादां'ना कधी पाहिलंच नव्हतं. भिंगरी सातवीत होती. तिची आई दवाखान्यात झाडू मारायची. नऊ दिवसांनी वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा होती. पास झाली तर शिक्षण फुकट, नाहीतर पुढच्या महिन्यापासून आईबरोबर कामाला जायचं, असं घरात ठरलेलं.

आणि पोरीची अपूर्णांकांची प्रत्येक बेरीज चुकत होती.

"एक चतुर्थांश अधिक एक षष्ठांश. उत्तर दहा छेद बारा कसं आलं गं?" मी विचारलं.

भिंगरीने खाली बघितलं. "छेद दादांच्या रीतीने काढला... लसाविने. आणि अंश तुमच्यासारखा, तिरका गुणून. एकाचंच केलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल ना!"

पोरीने आमचा मान राखला होता आणि गणिताचा बट्ट्याबोळ केला होता.

"एकच रीत ठेवू या," जिन्यात तो म्हणाला. "अर्थात माझी."

"का? तुमची काय सोन्याची आहे?"

"तुमची निदान दिसायला सुंदर आहे."

"रीत?"

"रीतच... म्हणतोय मी." त्याचे कान लालबुंद झाले. माझं नाक परवडलं!

भांडण मिटलं नाही. पण घरी गेल्यावर मला चैन पडेना. हट्ट माझा, आणि नुकसान त्या पोरीचं? शनिवारी मी मुकाट्याने लसावि शिकवला. मग बुधवारी, शिकवणी कशी चाललीय ते बघायला म्हणून गेले (खरं सांगू? त्याला बघायला), तर तो फळ्यावर तिरका गुणाकार समजावत होता!

"ही तर माझी रीत!"

"तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून..."

भिंगरीने वही धाडकन मिटली. "शनिवारी ताईंनी तुमची शिकवली, आज तुम्ही त्यांची! परवा परीक्षा आहे माझी. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का नाही?"

पोरीने कान उपटले होते, आणि बरोबर उपटले होते. आम्ही तिच्या दोन बाजूंना बसलो. "तुला सोपी कुठली वाटते? आमचा विचार करू नकोस," तो म्हणाला. तिने बराच वेळ पेन्सिल चावली.

"दादांची," ती हळूच म्हणाली आणि घाबरून माझ्याकडे बघू लागली.

मी तिचा गालगुच्चा घेतला. संध्याकाळपर्यंत आम्ही तिच्याकडून चाळीस बेरजा करून घेतल्या. शेवटच्या वीस एकदम बरोबर.

निकालाच्या दिवशी भिंगरी जिन्यातूनच ओरडत आली. पास! तिची आई रडत होती, हसत होती, आणि तिने आमच्या दोघांचे हात एकदमच धरून ठेवले होते. त्या गडबडीत ती मायलेकींची जोडी नव्या शाळेत नाव नोंदवायला पळाली आणि आम्ही दोघंच वर्गात उरलो. वर पंखा कुरकुरत होता.

"भिंगरी आता वसतिगृहात जाणार," तो खडू बोटांत फिरवत म्हणाला. "म्हणजे आपल्याला... भेटायला आता काही कारण नाही."

"नाही."

"दुसरं एखादं मूल मागून घेऊ का दोघांत? म्हणजे... तुमची हरकत नसेल तर... मी शनिवारीही येऊ शकतो..."

एवढा हुशार मुलगा, पण केवढी लांबण लावत होता!

"मूल मागून घेऊच," मी म्हणाले. "पण कारण कशाला हवं? मला तू आवडतोस."

त्याच्या हातातला खडू खाली पडला.