सोळा व्होल्टचा कपॅसिटर

"पंचवीस व्होल्टचा नाय? नीट बघा ना, मेहुलभाई!"

तेजल काउंटरवर बोटं वाजवत होती. बोईसरच्या त्या चिंचोळ्या दुकानात मेहुलभाई रेझिस्टर-डायोडचे डबे सावकाश उपसत होते आणि हिचा जीव दर्यात अडकलेला. दिवाळीच्या तोंडावर अवचित वारा सुटला होता. सातपाटीच्या बाकीच्या बोटी परतल्या. बाबांची तेवढी बाहेर. मच्छीमार सोसायटीवाले वायरलेसवरून हाका मारून थकले. घरी तिनं हौसेनं दुरुस्त केलेला एक जुना वायरलेस सेट होता, पण त्याला वीज देणारा, तिनंच जोडलेला सप्लाय नेमका आजच बसला. कपॅसिटर फुगून वर आला होता.

"सोळाचा आहे. बारा व्होल्टच्या सेटला चालेल की," मेहुलभाई म्हणाले.

"नाय चालणार!"

"नाही चालणार!"

दोन आवाज एकदम आले. तेजलनं वळून पाहिलं. चेकचा शर्ट, बोटावर सोल्डरिंगचा ताजा चटका, ओठांत दाबलेलं हसू...

"ट्रान्सफॉर्मरचे बारा व्होल्ट डीसी होताना सतराच्या आसपास जातात," तो म्हणाला.

"आणि सोळाचा कपॅसिटर फुटतो. माहीत हाय मला!" ती फणकारली. मग हळूच म्हणाली, "बाबा दर्यात हायत. त्यांना हाक मारायचीय."

त्याचं हसू विरलं. "सेट बोटीवरचा ना? मग सप्लाय कशाला? सरळ बॅटरीवर लावा."

तेजलनं कपाळावर हात मारला. सकाळपासून ती तो सप्लायच उघडून बसली होती!

"बॅटरी कुठनं आणू आता?"

"माझ्या बाइकमध्ये आहे. मात्र तिच्यासोबत गाडी येईल... आणि गाडीसोबत मी." तो अवघडला. "मी धीरज. एडवणचा. इथं एमआयडीसीत कामाला आहे."

पालघर गेलं, शिरगाव गेलं. वारा ओढणी ओढत होता.

"जरा जोरात चालवा ना!"

"याहून जोरात गेलो तर नुसती बॅटरी पोचेल, आपण नाही."

तिला हसू फुटलं आणि लगेच त्या हसण्याचाच राग आला.

घरी आई उंबऱ्यात उभी होती. धीरजनं बॅटरी काढून दिली. तेजलनं मध्ये फ्यूज घातला. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. उलटी लागली तर सेटच जायचा. त्यानं वायर तिच्या हातून घेतली नाही, फक्त बॅटरी घट्ट धरून ठेवली.

सेट खरखरला. तिनं हाक मारली. नुसती खरखर. पुन्हा मारली. पुन्हा...

"...तेजू? आमचं इंजिन बंद हाय, बॅटरीपण गेली. दातिवऱ्याच्या बोटीवरनं बोलतो हाय. त्यांनी दोर टाकलाय. येतो आमी..."

आईनं दर्याकडे हात जोडले. तेजलनं धीरजचं मनगट कधी धरलं, तिला कळलंच नाही.

दिवस कलला तरी दोघं किनाऱ्यावर उभे. बोट काही दिसेना. तेजल येरझारा घालत होती.

"तुमाला जायचं नाय?"

"बॅटरी तुमच्या सेटला. कसा जाऊ?"

तिनं त्याच्या जुन्या गाडीकडे निरखून पाहिलं. "किक हाय हिला."

"...आहे."

"बॅटरीशिवाय चालू होते?"

"होते." तो वाळूकडे बघत राहिला. "मघाशी तुम्ही मनगट धरलंत. मग सोडलंत... पण मला काही निघता येईना. आज बोलायची वेळ नाही, कळतं मला. पण उद्या बॅटरी न्यायला आलो, तर ती बॅटरीसाठी नसेल."

तेजलच्या छातीत नुसतं धडधडत होतं — दर्यासाठी की याच्यासाठी, तिलाच उमजेना. तेवढ्यात दूर दोन काळे ठिपके हलले. एकामागं एक.

"आले!" ती पाण्याकडे धावली... आणि मध्येच थांबून वळली.

"उभा काय राहिलास? बूट काढ. दोर ओढायला माणूस लागतंय!"

'तुमी'चं 'तू' झालेलं त्याला आधी कळलं, मग तिला. लाजून पुढं पळावं, की थांबावं?

ती थांबली. हात पुढे करून.