डोळे तेवढे राहिलेत

दार लोटून घ्या रे, आणि मधे कुणी उठू नका. बद्रीनाथ पेंटर तुम्ही पाहिला नाही, मी पाहिलाय. गुलमंडीमागच्या बोळात राहायचा. पोलीस ॲक्शनला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाची ही हकीकत, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

हात सोन्याचा, पण पोट मेलेल्यांवर. जलरंगात वेरूळची लेणी काढायचा ती हौस, ती कोण विकत घेणार? बड्या घरातली जुनी माणसं तेव्हा फोटो काढू देत नसत, आयुष्य घटतं म्हणायची. मग माणूस गेला की धावाधाव, बोलवा बद्रीनाथला. तो प्रेताशेजारी बसून चेहरा उतरवून घ्यायचा आणि तेराव्याच्या आत तैलरंगात तसबीर उभी करायचा. डोळे मात्र शेवटी. मेलेल्याचे मिटलेले, ते भावाचे नाहीतर मुलाचे बघून घालावे लागतात.

बायको द्वारका लग्नापासून म्हणत होती, "एकदा मलाबी बसवा की समोर."

"तू कुठं पळून चाललीस?" हा म्हणायचा. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

पौषात पाचोडचे नानासाहेब गेले. द्वारका तापानं फणफणलेली, तरी हा रंगांची पेटी घेऊन एसटीत बसला. तिकडं तसबीर होत आली आणि कंडक्टरच्या हाती शेजारच्या सरूबाईचा निरोप आला. द्वारकाचं जास्त आहे, असाल तसे निघा.

बद्रीनाथनं कुंचला खाली ठेवला नाही. "सांगा तिला, डोळे तेवढे राहिलेत."

डोळे झाले. लोकांनी वाहवा केली. मेलेल्यांत जीव भरणाऱ्या या माणसाला जितीकडं बघायला सवड नव्हती, मला अजून राग येतो त्याचा.

परतताना एसटी बंद पडली. रात्र पौषी अमावस्येची. बोळात चिटपाखरू नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. आत कोपऱ्यात जमिनीवर दिवा तेवत होता, खाली पीठ पसरलेलं. आपल्यासाठीच ठेवलाय, त्याला वाटलं. पिठाकडं त्यानं बघितलंच नाही.

गिऱ्हाइकाच्या स्टुलावर द्वारका बसली होती. दाराकडं पाठ. कोरी हिरवी साडी, अंबाड्यात फुलं.

"बरं वाटतंय का गं?"

"पाचोडचं मढं बसलं व्हतं का नीट?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कोपऱ्यातला दिवा उचलून जवळ घेतला, कॅनव्हास लावला आणि रंगवायला बसला.

साडी झाली. काठ झाले. मान झाली.

"आता वळ इकडं."

...

"द्वारके. तोंड बघू दे."

...

तो उठला. डावीकडनं गेला. पाठ. उजवीकडनं गेला. पाठच.

"एवढं पुरं करू दे मला..."

"राहू द्या," ती म्हणाली. "डोळे तेवढे राहिलेत."

दिवा विझला.

सकाळी सरूबाई दिव्यात तेल घालायला आली.

"दिवा कुनी हालवला? तिचा जीव गेला त्या जागेवरचा दिवा हाय त्यो. काल दिस बुडताना नेली तिला. लई वाट बघितली तुमची."

मग तिची नजर चित्रावर गेली. तिनं पदर तोंडात धरला.

"सवाष्ण गेली म्हून माझ्या पेटीतली साडी नेसवली व्हती. तिची घडीबी मोडली नव्हती... तुमी कवा बघितली?"

काठावरचे मोरसुद्धा तेच होते.

पुढं बद्रीनाथनं कधी माणूस काढला नाही. लेण्यांतल्या नाकडोळे फुटलेल्या मूर्ती तेवढ्या काढत राहिला, आणि तसाच एकटा गेला. ते चित्र त्याच्या भाच्याकडं आहे, भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं. तैलरंग वाळायला फार तर महिना लागतो. गेल्या दिवाळीत मी साडीला बोट लावून बघितलं.

बोट हिरवं झालं.